अडकित्ता

“आवाज कुठं आला, मॅडम?”

तातोबा पैलवान पालथा पडूनच बोलला. उपचाराच्या टेबलाला तोंडापुरतं भोक होतं, त्यामुळं त्याचं बोलणं फरशीवर आपटून वर येत होतं.

“कसला आवाज?” चंदना मॅडमनी विचारलं.

“हाडाचा. कट् करून यायला पाहिजे न्हवं?”

“हाड मोडायचं नाहीये, पैलवान. तुमचा उजवा घोटा जुना दुखावलेला आहे. तुम्ही चालताना त्याला सांभाळता आणि त्याचा भार कंबर घेते. म्हणून आधी घोटा.”

“कंबर दुखती म्हणून आलो, तर ह्या मघापासनं घोटा धरून बसल्यात,” पैलवान फरशीला म्हणाला. “आण्णा, ऐकताय न्हवं?”

मी पडद्याबाहेर बाकावर बसलो होतो. ऐकतच होतो. दुसरा उद्योग कुठं होता?

ती खोली म्हणजे माझाच कारखाना. इचलकरंजीत माझे चार माग होते, चार मागांचा धनी मीच आणि रात्रपाळी सोडली तर गडीही मीच. एकदा मी इतकं तलम धोतर विणलं, की घेणारा ते नेसून आठवडाभर तेच शोधत फिरत होता. असो. खाली माग, वर आम्ही दोघं नवराबायको. आमच्या गावात माग चालू असले की माणूस गाढ झोपतो आणि लाइट गेली की दचकून उठतो. वरच्या खोलीतली भांडीसुद्धा मागाच्या तालावर थरथरायची. मग आमची गौरा गेली. वर्षभरात मी माग भंगारवाल्याला दिले. सुताचा धोटा इकडून तिकडं उडायचा थांबला, खाली सगळं गप्प झालं आणि माझी झोप गेली.

अशात ही चंदना उपाध्ये आली. मूळची कुरुंदवाडची, शिकलेली पुण्याला. आधी फिजिओथेरपी केली आणि वर आणखी काही वर्षं ऑस्टिओपॅथी. कारखाना रिकामा आहे असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी विचारलं, “यंत्रं कुठली बसवणार?”

ती म्हणाली, “यंत्र नाही, आण्णा. सुई नाही, गोळी नाही. फक्त हात.”

“म्हणजे मालिश?”

“मालिश नाही. शरीरात कुठं काय अडलंय ते हातानं बघायचं. एक जागा अडली की तिचं काम दुसरी जागा करते, आणि बोंब ती दुसरी मारते. बोंब मारणारीला गप्प करून भागत नाही. अडलेलीला मोकळं करायचं.”

“मागाचं असंच असतंय,” मी म्हणालो. “डाग कापडावर दिसतो, खोट भलतीकडंच असते.”

“मग तुम्हाला समजलं,” ती म्हणाली. मी किल्ली देऊन टाकली.

रोज सकाळी शटर वर जायचं, घर्रर्र. मग टेबल सरकायचं, बादली वाजायची, ती इकडून तिकडं चालायची. आणि वर खाटेवर, रात्रभर आढ्याकडं बघत पडलेल्या मला डोळा लागायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

माझी मान डावीकडं वळत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. डावीकडं बघायचं झालं तर मी अख्खा वळायचो, बैलगाडी वळते तसा.

“कशी धरली मान?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, पंचगंगेला पूर आला होता, ओंडका समजून मी मगरीवर बसलो. नरसोबाच्या वाडीपर्यंत तिनं नेलं. डावीकडं तिचं तोंड होतं. तिकडं बघायचं नाही असं मी ठरवलं, ते मानेनं अजून पाळलंय.

पुढच्या आठवड्यात तिनं परत विचारलं. तेव्हा शर्यतीच्या बैलानं शिंगावर घेतलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका शूटिंगमध्ये राजाच्या जागी मला घोड्यावर बसवलं होतं आणि राजानं डावीकडं बघायचं नाही असा डायरेक्टरचा हुकूम होता.

“टेबलावर या एकदा. बघते.”

“जुना माल आहे, पोरी. हात लावलास तर उसवंल.”

ती हसायची आणि सोडून द्यायची. तशी तिला सवड भरपूर होती. पेशंटच नव्हते. जे यायचे ते तातोबासारखे. एकदा यायचे, आवाज कुठं आला विचारायचे, आणि चहाच्या गाड्यावर जाऊन सांगायचे, “बाई चांगली आहे, पण नुसती हात ठेवती.” आमच्याकडं हाड बसवायचं ते तालमीतल्या वस्तादानं. तो मुंडी धरायचा, कडकन् आवाज यायचा, माणूस कोकलायचा आणि बरा झालो म्हणून घरी जायचा. ज्या गावात दिवसरात्र खटक खटक चालू असतं, तिथं आवाज न करता झालेलं काम कोण धरणार?

तातोबा त्या दिवशी कुरकुरत गेला. चंदना हात पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली.

“दिवाळीपर्यंत बघते, आण्णा,” ती म्हणाली. “नाहीच जमलं तर पुण्याला परत. तिथं एका दवाखान्यात जागा आहे.”

“जमंल की.”

“कसं जमेल? माणसं एकदा येतात. एकदा येऊन कुणाचं काय होणार?”

मी वर गेलो. जेवलो. दुपारभर खाली काहीच वाजलं नाही. दिवाळीनंतर हे असंच असणार होतं, कायमचं. फळीवर पितळी अडकित्ता पडून होता. गौरा गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता त्याला. मी तो पुसला, थोड्या सुपाऱ्या खिशात टाकल्या आणि तातोबाच्या घरी गेलो.

“पैलवान, परत एकदा चल.”

“कशाला? घोटा बरा हाय माझा.”

“अरे, पहिल्या खेपेला हाड सैल करतात. आवाज दुसऱ्या खेपेला येतो. तुला वस्तादानं एवढंही शिकवलं न्हाई?”

“आसं व्हय,” तातोबा म्हणाला.

आता तातोबाचं सांगतो. कुस्तीनं त्याचे कान बाहेरून मोडले होते आणि नंतर सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या यंत्रांनी आतून. आमच्या गावात निम्म्या लोकांचं असंच, माझ्यासकट. आवाज आला एवढं कळतं. कुठून आला ते कळत नाही. मागून हाक मारली तर आम्ही आधी वर बघतो.

दुसऱ्या दिवशी तातोबा टेबलावर पडला. पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. मॅडमनी एक हात त्याच्या कमरेखाली घातला, एक पोटावर ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. विहिरीत सोडलेली बादली टेकली का ते दोरावरून बघतात ना, तशा. मी अडकित्त्यात सुपारी धरली आणि दाबली.

कट्.

आवाज इतका मोठा आला की मीच दचकलो. हातातली निम्मी सुपारी बाकाखाली गेली.

मग तातोबा सावकाश म्हणाला, “आला.”

“काय आलं?” मॅडमनी विचारलं.

“काय न्हाई. तुमचं चालू द्या.”

तो उठला, वाकला, बोटं पायाच्या अंगठ्याला लावली. बाहेर येऊन मला म्हणाला, “आण्णा, असा आवाज वस्तादाच्या बापालाही जमला न्हाई. आणि दुखलं म्हणाल तर तीळभर न्हाई.”

संध्याकाळपर्यंत ते चहाच्या तीन गाड्यांवर पोचलं. उरलेल्या गाड्यांवर मी पोचवलं. कबनूरची एक म्हातारी वाकून आत गेली आणि इतकी ताठ होऊन बाहेर आली की शटरला डोकं आपटलं, हे मीच सांगितलं. ती म्हातारी कोण असं कुणी विचारलं नाही. तशी एक म्हातारी प्रत्येकाच्या ओळखीत निघाली.

दसऱ्यापर्यंत बाक पुरेना. मी घरातल्या दोन खुर्च्या खाली आणल्या. मागवाले आले, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आल्या, मुंडाशातले म्हातारे आले. मी पडद्याशी बसून नंबर लावायचो आणि मॅडमचे हात एका जागी थांबले की सुपारी कातरायचो. माणसं बरी होत होती ती तिच्या हातानं, ह्यात मला कधीच शंका नव्हती. कबनूरची म्हातारी माझी, पण रांगोळे मास्तरांचा वर न जाणारा खांदा खरा होता, आणि तो वर गेला. मी फक्त पावती फाडत होतो.

“आण्णा, सुपारी कमी करा,” ती एकदा म्हणाली. “दिवसभर कातरत असता.”

“सवय हो, मॅडम.” पेशंटांसमोर मी तिला मॅडम म्हणायचो.

“तोंडाला वाईट असते.”

माझ्या तोंडात तेव्हा दोनच दात होते, एक वर आणि एक खाली, आणि त्यांची आयुष्यात कधी गाठ पडत नव्हती. पण एवढं हाडन् हाड शिकलेल्या पोरीच्या ते लक्षात आलं नाही. तिची नजर माणसाच्या मानेवर, पाठीवर, पावलावर. ती खुशीत होती. दुपारी डबा खाताना गुणगुणायची, आणि ते मला वर ऐकू यायचं. पुण्याचं नाव काढेनाशी झाली होती.

दिवाळी तोंडावर आली आणि हुपरीचे सुरगोंडा आले. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघर मान खाली घालून पैंजण जोडणारी माणसं. सुरगोंडांची मान तशी वाकलेली ती वर यायला तयार नव्हती. सूनमुख बघायला बसले आणि सुनेच्या पायाची बोटंच तेवढी बघितली, असं ते स्वतःच हसत सांगत होते. मला माणूस आवडला. नंबर नसताना मी त्यांना मध्ये घुसवलं. तेच नडलं.

मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं, डोक्याखाली दोन्ही तळवे घातले आणि थांबल्या. मी दाबलं. कट्.

“मॅडम,” सुरगोंडा शांतपणे म्हणाले, “बाहेर सुपारी कोण कातरतंय?”

“आण्णा आहेत. हलू नका.”

बाकावर तातोबा होता. तो पडद्याकडं तोंड करून म्हणाला, “सुपारी कसली, पाव्हणं? हाड बसलं तुमचं. सगळ्यांचं असंच वाजतंय.”

“माझं हाड माझ्याजवळ हाय,” आतून उत्तर आलं. “हा अडकित्ता पडद्याच्या पल्याड हाय. पितळी हाय. आणि त्याचा खिळा ढिला झालाय.”

घुंगरात दाणा कमी पडला तर कानानं ओळखणारा माणूस. त्याच्यासमोर आमची काय डाळ शिजणार?

पडदा बाजूला झाला. मॅडमनी आधी माझ्या हातातल्या अडकित्त्याकडं बघितलं. मग बाकाखाली साठलेल्या खांडांकडं. मग तातोबाकडं, तो अजून आपली कंबर चाचपत होता. मग माझ्याकडं.

“आण्णा, आ करा.”

मी आ केला.

“दात नाहीत,” ती म्हणाली. एवढंच. पडदा परत ओढून घेतला आणि सुरगोंडांचं उरलेलं काम पुरं केलं. त्यानंतरचे सगळे पेशंटही तिनं बघितले. मी अडकित्ता मांडीवर ठेवून बसून राहिलो. नंबर कुणाचा, हे त्या दिवशी कुणी मला विचारलं नाही.

शेवटचा माणूस गेला तेव्हा अजून ऊन होतं. ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली.

“कधीपासून?”

“तातोबाच्या दुसऱ्या खेपेपासनं.”

“म्हणजे पहिल्यापासूनच. मग ही सगळी माणसं बरी कशानं झाली? माझ्या हातानं का तुमच्या सुपारीनं?”

“तुझ्या हातानं, पोरी. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“तुम्ही तर मगरही डोळ्यांनी बघितलीय.” ती आपल्या तळहातांकडं बघत होती. “मला आता कधीच कळणार नाही, आण्णा. चार-पाच वर्षं मी हे शिकले. हे बरोबर झालं का चूक, ते मला हातांनाच विचारायचं असतं. आता हात काहीही सांगोत, मला सुपारीच ऐकू येणार.”

यावर मला बोलता आलं असतं. बोलणं मला कधी कमी पडलं नव्हतं. पण ती उठली होती.

“अडकित्ता इथं ठेवा. टेबलावर झोपा.”

“मी?”

“एक तरी पेशंट मला बिनआवाजाचा बघायचाय.”

झोपलो. छताला एक तुळई होती, तिला मागाच्या पट्ट्यानं घासून पडलेली खाच अजून होती. ती माझ्या डोक्याशी बसली आणि दोन्ही हात खाली घातले.

“ते मगरीचं झालं त्या वेळी...” मी सुरू केलं.

“बोलू नका. बोललात की गळा हलतो.”

मी गप्प झालो. ती काय करत होती म्हणाल तर काही नाही. ओढलं नाही, दाबलं नाही, पिरगळलं नाही. नुसतं डोकं धरलं होतं. डोकं किती जड असतं हे माणसाला कळतच नाही, कारण ते जन्मभर त्यानंच उचललेलं असतं. दुसऱ्या कुणी घेतलं की मग कळतं. मी आधी देईना. तिला ते समजलं असावं, कारण ती म्हणाली, “द्या.” थोड्या वेळानं परत म्हणाली, “अजून तुम्हीच धरलंय.”

मग केव्हातरी ते गेलं. तिच्या हातात गेलं. मानेत खालपर्यंत काहीतरी ऊन ऊन उतरलं. तिनं माझं डोकं उजवीकडं नेलं, मध्ये आणलं, आणि डावीकडं नेलं. ते गेलं. खांद्याला हनुवटी लागेपर्यंत गेलं. गौराला नेलं तेव्हापासून गेलं नव्हतं. आवाज कसलाही झाला नाही.

“आण्णा, तुमची मान दोन्हीकडं वळते,” ती हळूच म्हणाली. “सांध्यात काही अडलेलं नाही.”

“मग वळत का न्हवती?”

“वर, घरात, तुमच्या डाव्या हाताला काय असतं?”

मी तोंड उघडलं. मगर होती, बैल होता, राजाचा घोडा होता. एकही हलला नाही.

“भिंत,” मी म्हणालो.

“आणि दात नसलेल्या माणसाच्या घरात अडकित्ता कुणाचा?”

तिनं हात काढून घेतले नाहीत.

गौरा जेवण झालं की माझ्या डाव्या हाताला भिंतीला टेकून बसायची आणि सुपारी कातरायची. खाली चार माग. बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही बोलायचो नाही. मी मान वळवून तिचे हात बघायचो. ती भुवया उडवून विचारायची, पाहिजे? मी मान हलवायचो. लाइट जाऊन माग थांबले तर मी तुटलेले धागे बघायला खाली धावायचो. पुढं मागही थांबले, पण तोवर तीच नव्हती. इतक्या वर्षांत तिच्या अडकित्त्याचा आवाज कसा असतो ते मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकला तो इथं, बाकावर, तातोबाच्या कमरेसाठी.

मी हे तिला सांगितलं का? थोडं सांगितलं असेल. मला झोप लागली. उठलो तेव्हा अंगावर पडद्याचं कापड होतं. तिनं दांडीवरून काढून मला पांघरलं होतं, आणि ते परत कधीच लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आलेल्या सगळ्यांना उभ्या उभ्या खरं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडंच बघत होते. तातोबानं डोकं खाजवलं.

“मग माझी कंबर बरी कशी झाली?”

“ते तुम्हीच सांगा, पैलवान.”

त्यानं बराच विचार केला, आणि संध्याकाळपर्यंत त्याची कंबर परत दुखायला लागली. निम्मे लोक यायचे बंद झाले. मग उरलेल्यातले निम्मे. रांगोळे मास्तर येत राहिले, पण त्यांचा खांदा बरा झाला होता आणि ते नुसतेच बसून जायचे.

सुरगोंडा मात्र दिवाळीचा फराळ घेऊन आले. आले ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत. आजवर त्यांचे डोळे मी नीट बघितलेच नव्हते.

“कट् सुपारीचं हे मला ठाऊक होतं, तरी मान सुटली,” ते मॅडमना म्हणाले. “म्हणजे काम खरं. हुपरीला चला. आमच्याकडं सगळ्यांच्या माना खाली, आणि कान शाबूत.”

तिनं माझ्याकडं बघितलं. जाऊ का, असं विचारत होती की काय कोण जाणे. मी म्हणालो, “जा की. चांगलं गाव हाय.”

टेबल टेम्पोत चढवताना मीच एक बाजू धरली.

“पुणं नाही आण्णा, हुपरी आहे,” ती म्हणाली. “इथनं कितीसं लांब? येत जा.”

“येईन की.”

“खरं?”

“मी कधी खोटं बोललोय?”

ती हसली, आणि हसता हसता माझ्या मानेवर मागून हात ठेवला, क्षणभर. मग शटर खाली ओढलं. घर्रर्र.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. हुपरीत तिचं उत्तम चाललंय. मी गेलो नाही. गावात सांगतो की नदीच्या वाटेवर ती मगर अजून माझी वाट बघत बसलीय. खालच्या जागेला गिऱ्हाइकं बरीच आली, कुणी गोदाम मागितलं, कुणी क्लास. मी अजून कुणाला किल्ली दिलेली नाही.

रोज जेवण झालं की भिंतीजवळ बसतो आणि एक सुपारी कातरतो. खायची नसतेच. खिळा अजून तसाच ढिला ठेवलाय. कट् होतं, आणि खाली काही चालू नसल्यानं फार मोठं होतं. माझ्या कानांचं तुम्हाला सांगितलंच आहे. आवाज आला एवढं कळतं, कुठून आला ते कळत नाही.

मान डावीकडं वळते.